पुढचं डावं चाक

आधीच सांगून टाकतो, मी घाबरट माणूस आहे. पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे. चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, चिठ्ठी परत वाचायची, पाकिटावरचं नाव परत वाचायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं. घरीही तेच. गॅसचं बटण तीनदा बघतो, कुलूप चारदा ओढतो. बायको मला तपासनीस म्हणते. ती भाजीत मीठ घालताना मी मागे जाऊन उभा राहतो म्हणून एकदा तिने माझ्यावर पळी उगारली होती, आणि चूक तिची नव्हती.

असल्या माणसाने साठ वर्षांचा जुना ट्रक घराच्या बाजूला आणून उभा करावा, हे मलाच अजून पटत नाही. लेकीमुळे झालं सगळं. लेक गुरांची डॉक्टर. शिकत होती तेव्हापासून तिचं ठरलेलं, डोंगरातल्या दवाखान्यावर नेमणूक मागायची, जिथे जायला कुणी तयार नसतं. तिथले रस्ते म्हणजे नुसतं म्हणायला रस्ते. एका लाकडाच्या वखारीमागे तिला हा ट्रक दिसला. चारही चाकांना इंजिनाचा जोर जाणारा, बुटका, नाक पुढे आलेला, टपावर गवत माजलेलं.

"बाबा, हीच गाडी," ती म्हणाली.

"अगं, हिच्यात उंदरांची तिसरी पिढी नांदतेय."

"मग त्यांनी बघूनच घेतली असेल."

तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय? दोरखंड लावून गाडी घरी ओढून आणली, आणि पुढची दोन वर्षं आमचा एकही रविवार सुखाचा गेला नाही.

बांधायला आम्ही चौघं. पहिले फोरमन. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर, शेवटची काही वर्षं फोरमन, तेच नाव चिकटलं. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटक, बोलायला कंजूस. दुसरा भूगोल. शाळेत भूगोल शिकवायचा, निवृत्त झाल्यावर हौसेने वेल्डिंग शिकला. हात बरा, तोंडाला मात्र कुलूप नाही. तिसरी ताई. तिचं दोन गल्ल्या पलीकडे गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. सीट आणि मागची ताडपत्री तिची. चौथा मी. गंज घासायचा, सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे, चहा आणायचा आणि सगळ्यांना "नीट बघा हां" म्हणायचं.

पहिल्याच रविवारी फोरमननी नियम घालून दिला. एका कामाला एकच हात. ज्याने उघडलं त्यानेच बांधायचं. बांधून झालं की भिंतीवर खडूने लिहायचं, कुठलं काम आणि कुणी केलं. दुसऱ्याच्या कामाला बोट लावायचं नाही. शंका आली तर तोंडावर विचारायचं. कारखान्यात एकदा पाळी बदलताना एकाला वाटलं दुसऱ्याने बोल्ट आवळला, दुसऱ्याला वाटलं पहिल्याने, आणि तिसऱ्याची चार बोटं गेली. हे त्यांनी एकदाच सांगितलं. परत कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांत ती भिंत भरून गेली. 'रेडिएटर, भूगोल.' 'गिअरबॉक्स, फोरमन.' 'ड्रायव्हरची सीट, ताई.' माझ्या नावावर एकच ओळ होती, 'हॉर्नचं बटण', आणि तीसुद्धा भूगोलने चिडवायला लिहिलेली.

हिवाळा संपता संपता लेकीच्या नेमणुकीचं पत्र आलं. एक तारखेला हजर व्हायचं. गाडीचं जवळजवळ सगळं झालं होतं, फक्त पुढची दोन चाकं बांधायची राहिली होती. आणि नेमकं तेव्हाच फोरमनचं काहीतरी बिनसायला लागलं.

पहिल्यांदा मला कपबशी ऐकू आली. त्यांनी चहा उचलला की कप बशीवर किणकिणायचा. आधी वाटलं थंडी असेल. मग एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "मागच्या गिअरमध्ये तेल भरलं ना?" मी म्हटलं, "भरलं, तुम्हीच भरलंत." ते हो म्हणाले. पंधरा मिनिटांनी परत तेच, त्याच आवाजात.  भूगोलने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. फोरमन चालते झाल्यावर तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. जरा लक्ष ठेव." हा माणूस आयुष्यात एकदा हळू आवाजात बोलला, आणि नेमकं हेच बोलला.

झालं. माझी झोप उडाली.

पुढच्याच रविवारी फोरमननी पुढची दोन्ही चाकं बांधली. मी शेजारी उकिडवा बसून बघत होतो. चाकाच्या मध्यभागी बेअरिंग, त्यावर एक मोठा नट, मग पातळ पत्र्याची एक वॉशर, मग दुसरा नट. या वॉशरला बाहेर आलेला एक कान असतो. दोन्ही नट बसले की तो कान नटाच्या अंगावर मुडपायचा. तो मुडपला म्हणजे नट फिरत नाही, आणि नट फिरला नाही म्हणजे चाक जागेवर राहतं. असल्या जुन्या गाडीच्या वॉशरी बाजारात कुठून मिळणार? फोरमननी पत्रा कापून, कानशीने घासून स्वतः दोन बनवल्या होत्या. बरोबर दोन.

"एकदा मुडपलेला कान परत मुडपायचा नाही," ते मला म्हणाले. "सरळ केला की गेला. दिसायला चांगला दिसतो, पण आतून मेलेला असतो. चाक उघडलं की नवी वॉशर."

हे सांगताना त्यांच्या हातातली हातोडी थरथरत होती. एक ठोका कानाच्या बाजूला पडला.  त्यांनी परत ठोकलं, वरचं झाकण बसवलं, सहा बोल्ट आवळले, आणि भिंतीवर लिहिलं, 'पुढचं डावं चाक, फोरमन.' अक्षर वाकडं आलं होतं.

विचारायला हवं होतं. "फोरमन, एकदा परत बघू या का?" एवढंच. पण कुठल्या तोंडाने विचारणार? ज्या माणसाने दोन वर्षं आपल्या दारात येऊन फुकट घाम गाळला, त्याला म्हणायचं, तुमचा हात हलतोय, तुमच्यावर माझा भरवसा नाही? ते हो म्हणाले असते, लगेच उघडून दाखवलं असतं, आणि परत कधी आले नसते. असं मला वाटलं. आणि दुसरीकडे डोळ्यांपुढे सारखा उताराचा रस्ता, लेक एकटी, आणि चाक सुटून पुढे धावतंय.

बुधवारी दुपारी बायको बाहेर गेली, दुकान नोकरावर टाकलं, आणि मी जॅक लावला. हो, मीच. ज्याने दोन वर्षांत हॉर्नच्या बटणापलीकडे काही केलं नाही, त्याने चाक उघडलं. चोरासारखा सारखा रस्त्याकडे बघत होतो. सहा बोल्ट काढले, झाकण काढलं. आत बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम असं चोख होतं की दृष्ट काढावी. नट घट्ट, कान नटाच्या अंगाला अगदी चिकटून बसलेला, ग्रीस हवं तेवढंच. तरी माझं समाधान झालं का? नाही. आतलाही नट बघायला हवा, नाही का? मी कान सरळ केला, बाहेरचा नट सोडवला, वॉशर काढली, आतला नट बघितला. तोही बरोबर. चाक हाताने फिरवलं, सुरेख फिरलं.

मग लक्षात आलं की नवी वॉशर नाही.

काय करणार होतो? फोरमनकडे मागितली असती तर का हवी हे सांगावं लागलं असतं. स्वतः कापायला मला कात्री धरता येत नाही. मी तीच वॉशर घातली, नट आवळला, तोच कान परत मुडपला. मुडपताना काही मोडलं नाही, आवाज झाला नाही. चांगला दिसत होता. झाकण लावलं, हात धुतले, दुकानात गेलो आणि स्वतःला सांगितलं, आता काळजी मिटली. आतून मेलेला असतो हे त्यांनी मला तीन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. पण मला तेव्हा मोकळं वाटायला हवं होतं, म्हणून मी ते आठवलं नाही.

शनिवारी पहिली फेरी. लेक चालवायला, तिच्या शेजारी फोरमन, मागे ताडपत्रीखाली मी, भूगोल आणि ताई. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा भूगोल लहान मुलासारखा ओरडत होता. चढ तर अशी चढली की ताईने तोंडावर हात ठेवला. लेक आरशातून माझ्याकडे बघून हसली. मी मात्र दोन्ही हातांनी दांडा धरून बसलो होतो आणि प्रत्येक आवाज मोजत होतो.

परतीच्या उतारावर आधी घरघर आली. मग गाडी डावीकडे ओढायला लागली. "काका, स्टेअरिंग थरथरतंय," लेक म्हणाली. फोरमन म्हणाले, "ब्रेक नको. गिअर उतरव. आणखी एक." तिने ब्रेकला पाय लावून बघितलाच होता, पेडल खाली गेलं होतं. मला मागून तिचा फक्त खांदा दिसत होता. ताई डोळे मिटून बसली होती.  फोरमन एकाच सुरात तिला सांगत होते, डोंगराच्या अंगाला घे, अंगाला घे, घासू दे, घासली तरी चालेल. गाडी मातीत घुसली, दगडावर आपटली आणि थांबली.

खाली उतरलो तर पुढचं डावं चाक तिरकं झालेलं. आणखी दोन वळणं गेली असती तर ते निघून पुढे गेलं असतं.

लेक पांढरीफटक. मी तिचे हात धरले. फोरमननी झाकण काढलं. बाहेरचा नट सैल, वॉशरचा कान तुटून ग्रीसमध्ये पडलेला. त्यांनी वॉशर पुसली, चष्मा वर सारला आणि डोळ्यांजवळ नेऊन खूप वेळ बघितली.

"दोन घड्या आहेत," ते म्हणाले. "ही दोनदा मुडपलीय."

  भिंतीवर त्यांचंच नाव होतं, आणि आमच्यात दुसऱ्याच्या कामाला कुणी बोट लावत नाही.

"मीच उघडलं असणार," फोरमन म्हणाले. "परत उघडलं, आणि तीच मुडपली. मला आठवत नाही." मग त्यांनी लेकीकडे बघितलं. "बाळ, मला आठवत नाही गं."

ती वेळ होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, फोरमन, मी. दोन शब्द. भूगोल त्यांच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं, होतं असं" म्हणत होता. लेक रडत होती आणि फोरमनच तिची समजूत घालत होते.  मी स्वतःला म्हटलं, आत्ता नको, सगळ्यांसमोर नको, लेकीसमोर तर नकोच. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या.

रविवारी ते आले नाहीत. भूगोलने दोन वॉशरी दुसऱ्या एका कारागिराकडून कापून आणल्या आणि त्याच कारागिराने पुढची दोन्ही चाकं नव्याने बांधली. उजवं चाक उघडताना मी तिथेच होतो. फोरमनचं काम जसंच्या तसं होतं. तो कारागीर म्हणाला, "हे ज्याने बांधलंय त्याला डाव्या बाजूला काय झालं?" भूगोलने माझ्याकडे बघून हळूच डोक्याकडे बोट नेलं. मी मान डोलावली. देवा, मी मान डोलावली!

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पोरगी वाचली ना? आता कशाला झुरताय?" मी तिच्यावर खेकसलो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

शुक्रवारी सकाळी दुकानात वहिनी आल्या, फोरमनची बायको. मला वाटलं त्यांच्या गुडघ्याची औषधं. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. मी वाचली. परत वाचली. विसराळूपणावरच्या गोळ्या, रोज एक, आधी पंधरा दिवस.

"परवा डॉक्टरांकडे नेलं," वहिनी म्हणाल्या. "तसं गेल्या वर्षापासून थोडंफार चालूच होतं. चष्मा कुठे ठेवला, नळ उघडा राहिला. मी डॉक्टरांना ते सांगितलं तर म्हणाले, या वयात एवढं होतं. मग मी चाकाचं सांगितलं. तेव्हा त्यांनी पेन उचललं. म्हणाले, चष्मा विसरणं वेगळं, आणि चाळीस वर्षांचं हातातलं काम करून ते केल्याचं विसरणं वेगळं."

मी चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचायला घेतली.

"सूनबाईने स्कूटरची किल्ली काढून घेतली," त्या म्हणाल्या. "ते काही बोलले नाहीत हो. भांडले असते तर बरं झालं असतं. उलट म्हणाले, ठीक केलंस. आता सगळं विचारून करतात. अंघोळ केली का मी, असं विचारतात. केलेली असते!" आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

गोळ्या माझ्या मागच्याच कप्प्यात होत्या. मी हात मागे नेला आणि पाकीट धरलं. पस्तीस वर्षांत चुकीचं औषध दिलं नाही म्हणून मी मिरवतो. पाकिटावरचं नाव वाचलं, चिठ्ठीवरचं वाचलं. जुळत होतं, अगदी बरोबर जुळत होतं.

"संपल्यात," मी म्हणालो. "संध्याकाळी मी स्वतः घरी घेऊन येतो."

संध्याकाळी गेलो.  दार फोरमननीच उघडलं. आतल्या खोलीत सगळीकडे कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. गॅसवर 'बंद केला का?', नळावर 'बंद केला का?', दाराच्या आतून 'किल्ली घेतली का?' हे असले कागद तर माझ्या घरी असायला हवेत. पलंगावर चादर पसरून त्यांची सगळी हत्यारं ओळीने मांडली होती.

"बरं झालं आलास, केमिस्ट," ते म्हणाले. "तुला हवी असतील ती घे. बाकी भूगोल नेईल."

"फोरमन, बसा. मला बोलायचंय."

"मलाही एक विचारायचंय," ते म्हणाले आणि पलंगाच्या कडेला बसले. "तू औषधवाला, तुला माहीत असेल. मी रोज तो रविवार आठवून बघतो. डबीतून नवी वॉशर काढली, ती मला दिसते. कान मुडपला, पहिला ठोका बाजूला पडला, तो दिसतो. तू शेजारी बसला होतास. मग झाकण, मग बोल्ट. सगळं लख्ख दिसतं रे. त्यानंतर परत उघडलेलं काही केल्या दिसत नाही. पण उघडलं तर होतंच. मग जे लख्ख दिसतं ते तरी खरं कशावरून? हिच्याशी लग्न झालेलं दिसतं, तेही खरं कशावरून?" ते हसायला गेले. हसू आलं नाही.

"मी उघडलं," मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. मी परत म्हणालो. "बुधवारी दुपारी, तुम्ही नसताना, चाक मी उघडलं. तुमचं काम बरोबर होतं. नवी वॉशर नव्हती म्हणून तीच परत मुडपली. तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्हाला जे दिसतं तेवढंच झालं होतं."

 मग त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये. सूनबाईला पण बोलाव." दोघी आल्या. फोरमन माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता यांना सांग. सगळं, परत."

मी सांगितलं. मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं. सूनबाईने तोंडाला हात लावला. वहिनी मात्र पुढे आल्या आणि मला वाटलं आता कानाखाली बसणार, बसली असती तर बरंच झालं असतं. त्या म्हणाल्या, "सकाळी मी तुमच्या दुकानात रडत होते." आणि आत निघून गेल्या.

"का उघडलंस?" फोरमननी विचारलं.

"भीती वाटली."

"कशाची?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती. "तुमच्या हाताची."

ते आपल्या हातांकडे बघत बसले. उजवा हलत होता, आजही. "तोंडावर विचारायचं होतंस," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, एकदम घाईने, "आणि परवा भाजीवाल्याला मी दोनदा पैसे द्यायला गेलो, ते? सोमवारी गल्ली चुकलो, ते?" असं माझ्याकडे बघत होते की मी म्हणावं, तेही मीच केलं. 

"ते मला नाही माहीत, फोरमन."

"म्हणजे ते माझं."

"ते तुमचं असेल."

"बरं," ते म्हणाले. "तेवढं असू दे." आणि चादरीवरचा एक पाना उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा. गोळ्यांचं पाकीट मी खिशातून काढलं तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "आत्ता नको. उद्या तू माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. मी सांगितलं तर त्यांना वाटेल म्हातारा मनानेच जुळवून सांगतोय."

घरी आल्यावर लेकीला सांगितलं.  ती म्हणाली, "बाबा, गाडीत मी होते." आणि उठून तिच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. बायकोने मला जेवायला वाढलं आणि स्वतः न जेवता झोपली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. तासभर.  त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमचा नंबर आला. डॉक्टर तरुण होते, भले होते, त्यांनी मला सगळं बोलू दिलं. मी चाक सांगितलं, वॉशर सांगितली, बुधवार सांगितला. त्यांनी आधीच्या कागदावरची एक ओळ खोडली, गोळ्या तूर्त थांबवू म्हणाले, आधी नीट तपासण्या करू म्हणाले. फोरमननी हळूच श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

मग डॉक्टरांनी नवा कागद ओढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बरं, आता सांगा, हे घरी आणखी काय काय विसरतात?"

फोरमन शेजारीच बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. ते माझ्याकडेच बघत होते.

"त्यांनाच विचारा," मी म्हणालो. "त्यांना सगळं आठवतं."